बॉनेटवरचे पांढरे ठिपके

माणूस नवा भेटला की लोक त्याला गाव विचारतात, नोकरी विचारतात, आणि आमच्यासारख्यांना आडून आडून आडनावही विचारतात. माझ्या जयपूरच्या घरमालकीणबाई पाणी विचारायच्या.

“तुमच्या गावचं पाणी कुठलं? विहिरीचं का धरणाचं?”

मी दारात दोन बॅगा घेऊन उभी होते. विमा कंपनीत अधिकारी म्हणून माझी बदली झाली होती, आणि तिलक नगरमध्ये एका मराठी बाईंच्या घरी वरची खोली रिकामी आहे एवढंच ऑफिसात कळलं होतं. उन्हाळ्यात आमच्या गावाला टँकर येतो, असं मी सांगितलं. ऐकणारा माणूस इथे सहसा हळहळतो. त्या हळहळल्या नाहीत. “टँकर भरतो कुठून?” असं त्यांनी विचारलं. मला सांगता आलं नाही. इतकी वर्षं ते पाणी प्यायले, त्याच पाण्यावर वाढून घरातली पहिली पदवीधर झाले, आणि ते येतं कुठून हे कधी विचारलं नाही, याची त्या दारात मला लाज वाटली.

मग त्यांनी आतून पेलाभर पाणी आणलं. “पी. कसं लागतं सांग.”

“छान आहे, काकू. गोड आहे.”

त्यांनी तोंड वाकडं केलं. “खोली पाहिजे म्हणून बोलून राहिली. खरं सांग.”

“थोडं मचूळ आहे.”

“हां,” त्या म्हणाल्या, आणि किल्ली माझ्या हातात दिली.

काकू मूळच्या नागपूरच्या. लग्नानंतर जयपूरला आल्या आणि रेल्वेच्या प्रयोगशाळेत लागल्या. काम एकच, पाणी तपासायचं. आधी वाफेच्या इंजिनांचं, पुढे डिझेल इंजिनांचं. मी त्यांच्याकडे राहायला गेले तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. नोकरी सुटून बरीच वर्षं झाली होती, पण काम सुटलेलं नव्हतं. बैठकीच्या खोलीत जिथे लोक देवादिकांच्या तसबिरी किंवा नातवंडांचे फोटो लावतात तिथे त्यांची लांबलचक फळी होती, आणि फळीवर पाण्याच्या बाटल्या. प्रत्येकीला चिठ्ठी चिकटवलेली. फुलेरा. सवाई माधोपूर. भुसावळ. एका बाटलीवर नुसतं ‘सुनेचं माहेर’ असं लिहिलं होतं. नागपूरहून कोणी पाहुणे यायचे झाले तर संत्र्याची बर्फी आणू नका, घरच्या नळाची एक बाटली आणा, असं त्या फोनवर बजावायच्या. पाहुणे दोन्ही आणायचे. बर्फी माझ्याकडे यायची.

गल्लीत त्यांना सगळे ‘पानीवाली माताजी’ म्हणत. कोणाच्या घरी गीझर बिघडला, कोणाचे केस गळायला लागले, कोणाची डाळ शिजेना, तर लोक आधी त्यांच्याकडे यायचे. त्या उत्तर लगेच देत नसत. एक शाळकरी वही काढायच्या, पानाच्या मधोमध रेघ मारायच्या, आणि डावीकडे दिसलं ते, उजवीकडे वाटलं ते, असं लिहायला लावायच्या. डावी बाजू भरल्याशिवाय उजवीकडे पेन न्यायचं नाही.

“लोक उजवीकडूनच सुरू करतात, बाप्पा,” त्या म्हणायच्या. “डावीकडे काहीच नसतं.”

‘साफ’ हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. “किती साफ?” असा प्रश्न यायचाच. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे त्या प्रत्येक गोष्टीची चव घ्यायच्या. नळाच्या तोटीवर जमलेला पांढरा थर, कूलरच्या जाळीवरची पापडी, किटलीच्या तळातला चुना. बोट लावायचं, जिभेला टेकवायचं, डोळे मिटायचे.

इंजिन ड्रायव्हरांची गोष्ट त्यांनी मला कितीदा सांगितली असेल. प्रयोगशाळेत त्या एकट्याच बाई. शेडमध्ये नमुना घ्यायला गेल्या की ड्रायव्हर हसायचे. एकाने विचारलं, पाणी ते पाणी, त्यात तपासायचं काय? काकूंनी त्याला तिथेच समजावलं. इंजिन पाणी पितं आणि वाफ सोडतं. पाण्यातले क्षार काही वाफेबरोबर जात नाहीत, ते मागेच राहतात. वरून आणखी पाणी घातलं की आणखी क्षार. असं नुसतं भरतच गेलं तर बॉयलरमधलं पाणी दिवसेंदिवस दाट होत जातं आणि आत थर बसतो. म्हणून अधूनमधून तळाचं पाणी सोडून द्यायचं आणि मगच नवं भरायचं.

“तीस वर्षं हेच ओरडून सांगितलं,” त्या म्हणायच्या. “नुसतं वरून भरू नका, आधी सोडा. आणि माझा एकही रिपोर्ट कधी चूक म्हणून परत आला नाही.”

हे शेवटचं वाक्य प्रत्येक वेळी असायचंच.

मी गाडी घेतली ती त्यांच्याकडे राहायला लागल्यावर तिसऱ्या वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडावर. गर्द निळ्या रंगाची, छोटी. माझे वडील धान्याच्या मोंढ्यात हमाली करायचे. त्यांना व्हिडिओ कॉलवर गाडी दाखवली तेव्हा ते म्हणाले, “सावलीत लाव गं.” म्हणून मी ती फाटकाच्या आत कडुनिंबाखाली लावली. चालवायची हिंमत नव्हती. क्लास पूर्ण झाला होता, लायसन्स हातात होतं, तरी ऑफिसला मी बसनेच जायचे. गाडी फक्त रविवारी निघायची, तीही जवळच्या मोतीडूंगरीपर्यंत जाऊन परत. बाकी सहा दिवस ती झाडाखाली उभी, आणि मी संध्याकाळी परत आले की तिच्याभोवती एक फेरी मारायची.

तिसऱ्या आठवड्यात त्या फेरीत मला ठिपके दिसले. बॉनेटवर, डाव्या बाजूला. पांढुरके, धुरकट, कडेला किंचित जाड. रुमालाने पुसले, गेले नाहीत. ओल्या फडक्याने पुसले, ओले असेपर्यंत दिसेनासे झाले आणि वाळल्यावर परत आले. दुसऱ्या दिवशी आणखी वाढले.

गल्लीतल्या सात गाड्या गिरधारी धुवायचा. पन्नाशीचा माणूस, जगतपुऱ्याच्या बाजूने पहाटे सायकलवर यायचा आणि आठच्या आत सगळं उरकून जायचा. या सात गाड्या हीच त्याची कमाई. मी त्याला फाटकापाशी गाठलं.

“ये क्या है, भैया? नई गाडी है.”

तो वाकून बघू लागला. “पोछा तो मैं दो बार मारूँ हूँ, मॅडमजी. पहले नहीं था ये.”

“पहले नहीं था तो कहाँ से आया?”

तो एक ठिपका अंगठ्याने घासून बघू लागला. उत्तर नाही म्हणजे दोष त्याचाच, असं मी धरून चालले. त्याच संध्याकाळी गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी तीन फोटो टाकले आणि खाली लिहिलं, की गिरधारी खराब पाण्याने गाड्या धुतो, नीट पुसत नाही, सगळ्यांनी आपापल्या गाड्या बघून घ्या. लिहिताना मला आपण फार जागरूक नागरिक आहोत असं वाटत होतं. सकाळी तो आला तेव्हा बाकीच्या सहाही घरांनी त्याला नको म्हणून सांगितलं. एकानेही आपल्या गाडीचा फोटो टाकला नव्हता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

काकू व्हॉट्सॲप बघत नसत. त्यांना दोन दिवसांनी कळलं, गिरधारीची सायकल वाजली नाही तेव्हा. मी ऑफिसातून आले तर त्या गाडीपाशी उभ्या होत्या. शेजारच्या गच्चीवरून दोन बायका बघत होत्या, कारण माताजींनी नुकतंच नव्या गाडीच्या बॉनेटला बोट लावून जिभेला टेकवलं होतं.

“तू त्याला खराब पाणी वापरताना पाहिलं का?”

“नाही काकू, पण दुसरं कोण...”

“पाहिलं का?”

“नाही.”

“मग ते उजवीकडचं झालं.”

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी वही काढली. गिरधारी पाणी आमच्याच अंगणातल्या नळाचं घ्यायचा आणि त्याच बादलीने सातही गाड्या धुवायचा. पायरीवर बसून मी ते डाव्या बाजूला लिहिलं. बाकी सहा गाड्यांवर ठिपके नाहीत, हे त्यांनी मला घरोघर जाऊन बघून यायला लावलं. तेही लिहिलं. ठिपके फक्त बॉनेटच्या डाव्या अर्ध्या भागावर आणि थोडे समोरच्या काचेवर. लिहिलं. पानाची डावी बाजू भरली, आणि तीत गिरधारीविरुद्ध एकही ओळ नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फोटोफ्रेमच्या चार काचा काढल्या. त्यातल्या एकीतून त्यांच्या सासऱ्यांचा फोटो काढून कपाटात ठेवला होता. बॉनेट डिस्टिल्ड वॉटरने पुसून, त्यावर मऊ फडकं टाकून, चारही काचा ओळीने मांडल्या. संध्याकाळी मी आले तर डावीकडच्या दोन काचांवर ठिपके होते, उजवीकडच्या दोन कोऱ्या. गिरधारी येणं बंद होऊन तोवर दोन दिवस झाले होते.

“पाणी वरून आलं,” काकू म्हणाल्या. आवाजात असा आनंद की जणू पाहुणा आला आहे. “आणि आपल्या नळाचं नाही, बरं का. नळाचा थेंब इतकी जाड कड सोडत नाही. याच्यात क्षार लय आहेत. कोणाचं पाणी असेल?”

“कूलरचं?”

“कूलर मागच्या बाजूला आहे. पण विचार केला तू, चांगलं झालं.”

मला त्या क्षणी शाबासकी नको होती. मला गिरधारीचा नंबर हवा होता, आणि तो मी कधी घेतलाच नव्हता.

रविवारी सकाळी दहाला आम्ही व्हरांड्यात दोन खुर्च्या टाकल्या. काकू एरवी या वेळेला आत पूजा आणि मग स्वयंपाक करत असत, पण त्या दिवशी पूजा लवकर आटोपली होती. उन्हं चढली. लू, इथला उन्हाळी गरम वारा, सुटली. गाडी, झाड, भिंत, सगळं आमच्या डोळ्यांसमोर. साडेअकराच्या सुमारास बुलबुलांची जोडी आली, मागोमाग साळुंक्या.

निंबाच्या फांदीला काकूंचा परिंडा टांगलेला होता. जयपुरात उन्हाळा लागला की लोक मातीचं पसरट भांडं तीन दोऱ्यांनी झाडाला बांधतात आणि पाखरांसाठी त्यात पाणी ठेवतात. काकू रोज चारच्या सुमारास त्यात तांब्याभर पाणी घालायच्या. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत.

एक साळुंकी काठावर बसून पाणी प्यायली. दुसरी आत उतरली. तिने पंख पसरले, डोकं बुडवलं, आणि अंग असं काही झाडलं की पाण्याचा फवारा उडाला. वाऱ्याने तो बॉनेटच्या डाव्या अर्ध्या भागावर पसरला. मग पहिलीही उतरली. मग बुलबुल. पाचदहा मिनिटं ती सगळी आंघोळ चालली होती. गरम पत्र्यावर थेंब बघता बघता वाळत होते.

मी हसले. खरंच हसू आलं. “काकू, पाखरं!”

काकू हसल्या नाहीत. त्या उठून झाडाखाली गेल्या. परिंडा खाली घ्यायला मला सांगितलं. भांड्याच्या बाहेरून पांढरा थर चढला होता आणि काठाला पापडी धरली होती. हे रोज त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. त्यांनी पाण्यात क्षार मोजायचा मीटर बुडवला, आकडा बघितला, मग अंगणातल्या नळाचं पाणी पेल्यात घेऊन त्यात बुडवला. भांड्यातला आकडा तिपटीहून जास्त होता. मग त्यांनी चवही घेतली. डोळे मिटले.

“दीड महिना झाला,” त्या म्हणाल्या. “मी वरून भरूनच राहिले. एकदाही जुनं ओतलं नाही.”

मला त्यांचे ड्रायव्हर आठवले. त्यांनाही आठवले असावेत. “तीस वर्षं दुसऱ्यांना शिकवून राहिले, आणि माझ्याच झाडाला बॉयलर टांगला.”

आत जाऊन त्यांनी रिपोर्ट लिहिला. हिंदीत, सुवाच्य अक्षरात, जुन्या नोकरीतल्या नमुन्याप्रमाणे. नमुना कुठून घेतला, काय आढळलं, तुलना कशाशी केली. ‘कारण’ या मथळ्यापुढे त्यांचं पेन थांबलं. मी म्हणाले, “काकू, पक्ष्यांमुळे असं लिहा. खोटं नाही ते.”

“पक्षी आंघोळ करतात. ते त्यांचं काम आहे.” आणि त्यांनी लिहिलं, की घरमालकिणीने परिंड्यातलं जुनं पाणी न ओतता रोज नवं पाणी भरलं, त्यामुळे क्षार वाढले. खाली सही केली. मग कागद माझ्याकडे सरकवला. “आता तुझं.”

“माझं काय?”

“ठिपके माझे. गिरधारी गेला तो कोणामुळे?”

त्यांच्या सहीखाली मी लिहिलं, की न पाहता गिरधारींचं नाव ग्रुपवर टाकलं ती चूक माझी. सही केली. तो कागद फाटकावर चिकटवला, त्याचा फोटो ग्रुपवर टाकला. काही जणांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. एका शेजाऱ्याने विचारलं, “तो अब परिंडा हटा रही हैं क्या, माताजी?” काकूंनी माझ्याकडून उत्तर टाइप करून घेतलं, “नहीं. अब रोज़ ख़ाली करके भरेंगे. गाड़ी हटेगी.”

डाग काढायला दोन सकाळी लागल्या. गाडी व्हरांड्याच्या सावलीत घेतली, पत्रा थंड झाला की नाही हे काकूंनी हाताच्या पालथ्या बाजूने बघितलं. पांढरं व्हिनेगर आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं अर्धं. आधी दाराच्या खाली, कोणाला दिसणार नाही अशा जागी लावून बघितलं, रंगाला काही होत नाही ना म्हणून. मग मऊ कापड भिजवून ठिपक्यांवर नुसतं ठेवायचं, साठ आकडे मोजायचे, उचलायचं, वर साधं डिस्टिल्ड वॉटर, आणि कोरड्या कापडाने टिपायचं. मी घाई करून घासायला गेले तर त्यांनी माझं मनगट धरलं.

“घासून नाही. घासलं तर ओरखडे तुझे राहतील. ठेव. सुटायला वेळ दे त्याला.”

बहुतेक ठिपके गेले. तीनचार जुने होते तिथे रंगावर धूसर कडी राहिली. तिथे बारीक पॉलिश बोटाने हलकं फिरवल्यावर तीही गेली. काकू कडेकडेने वाकून, प्रकाशात डोळा तिरपा धरून बघत होत्या. “साफ,” त्या म्हणाल्या. किती साफ, हे मी त्यांना विचारलं नाही.

गिरधारीला शोधायचं राहिलं होतं. पत्ता कोणाकडेच नव्हता. जगतपुऱ्याच्या रेल्वे फाटकाजवळच्या एका चहाच्या टपरीवर तो बसतो, एवढं दूधवाल्याकडून कळलं. काकू म्हणाल्या, “चल. गाडी काढ.”

मोतीडूंगरीच्या पुढे मी तोवर कधी गाडी नेली नव्हती. काकू शेजारी बसल्या, मांडीवर रिपोर्टची प्रत. वाटेत म्हणाल्या, “तुझा हॉर्न चांगला आहे, वाजव.” तासाभराने आम्ही टपरीपाशी पोचलो. गिरधारी बाकावर होता. काकूंना बघून उभा राहिला. काकूंनी चार माणसांसमोर अख्खा रिपोर्ट वाचला, ‘नमुना’पासून सहीपर्यंत. टपरीवाला स्टोव्ह बारीक करून ऐकत होता.

“मतलब, चिड़िया ने किया?” गिरधारीने विचारलं.

“चिड़िया ने नहीं. मैंने.”

“और मैंने,” मी म्हणाले. पुढे माफीचं वाक्य मी पाठ करून गेले होते, ते निम्मंच बाहेर आलं. तो अवघडून म्हणाला, “अरे जी, हो जाता है,” आणि आम्हाला चहा पाजला. काकूंनी चहा पिताना त्याला विचारलं, टपरीचं पाणी कुठलं.

दुसऱ्या दिवशी त्याची सायकल वाजली. सहाही घरांनी त्याला परत ठेवलं होतं. मी बादली भरून फाटकापाशी उभी राहिले. तो आला, हात जोडले, आणि माझ्या गाडीला वळसा घालून शेजारच्यांकडे गेला. मला वाटलं, ही शेवटी धुवायची असेल. आठ वाजले तरी तो आला नाही, तेव्हा मी विचारलं.

“आपकी नहीं, मॅडमजी,” तो शांतपणे म्हणाला. “बुरा मत मानना. इस पर कल को कुछ भी पड़ेगा, तो सबसे पहले मैं ही दिखूँगा.”

मी काकूंकडे बघितलं. त्या सगळ्यांना सगळं समजावून सांगणाऱ्या. त्या इतकंच म्हणाल्या, “बरोबर आहे त्याचं,” आणि माझ्या हातात फडकं दिलं.

तेव्हापासून गाडी मी धुते. काकू खुर्ची टाकून समोर बसायच्या आणि फडक्याची घडी कशी फिरवायची ते सांगायच्या. पुढे माझी बदली होईपर्यंत हे असंच चाललं. तोवर मी त्याच गाडीने ऑफिसला जायला लागले होते. गिरधारी त्याच्या सहा गाड्या उरकून सायकल ढकलत फाटकासमोरून जायचा. कधी राम राम, कधी नुसती मान हलवायची. एका सकाळी तो थांबला. मी मागचं दार पुसत होते. सायकल धरून तो रस्त्यावरच उभा होता, फाटकाच्या आत आला नाही. त्याने तिथूनच बोट दाखवलं.

“मॅडमजी, हँडल के नीचे का छूट गया.”

मी वाकून बघितलं. खरंच राहिलं होतं. मी ते पुसेपर्यंत तो तिथे उभा राहिला.